सातारा ते स्वारगेट, बाई म्हणून: एका प्रवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे २०२३ च्या डिसेंबरातलं आहे. जिचं आहे तिला विचारून आणि सगळं वाचून दाखवूनच लिहितेय, नाव आणि ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात. तिला आपण मीरा म्हणू. वय चौतीस, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी, लग्न झालेलं, एक मुलगी. ऑफिसात, घरात, गावात ती पुरुष म्हणूनच वावरते आणि तिचं त्याला काही वावडं नाही. माझ्याशी बोलताना मात्र ती मीराच असते म्हणून मी ती म्हणते. आपण क्रॉसड्रेसर आहोत (म्हणजे पुरुषच, पण बाईचे कपडे घालावेसे वाटणारे) की ट्रान्स आहोत (म्हणजे मनानं बाईच) हे तिचं तिला अजून नक्की नाहीये आणि मी तिला त्याची घाई कधी केली नाही. मी स्वतः ट्रान्स बाई आहे, पुण्यात राहते, पंधरा वर्षांहून जास्त काळ अशीच बाहेर पडतेय, त्यामुळे पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या मुली बरेचदा माझ्याकडे येतात.

मीराच्या बायकोला दोन वर्षांपासून माहीत होतं. कपाटात साडीची पिन सापडली, मग भांडण, मग महिनाभर अबोला, आणि मग तिनं स्वतःहून तीन अटी घातल्या. आपल्या तालुक्यात नको, फोटो कुठं टाकायचा नाही, आणि मला खोटं सांगून जायचं नाही. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. एवढ्या स्पष्ट अटी शिकलेले लोकही घालत नाहीत.

नेमकी अडचण काय होती

मीराला पुण्यात एक दिवस बाई म्हणून घालवायचा होता असं मला आधी वाटलं. मी म्हटलं सोपंय, माझ्याकडे ये, इथं तयार हो, फिरू, संध्याकाळी परत जा. तर म्हणाली, "ताई, मला पुण्यात फिरायचं नाहीये, मला प्रवास करायचाय. फिरताना लोक बघणारच. पण एसटीत खिडकीशी बसलेय आणि शेजारी कुणीतरी बाई येऊन बसली, मला सरकायला सांगितलं, एवढंच पाहिजे."

हे ऐकल्यावर मी गप्प झाले. कारण हीच गोष्ट मलाही पाहिजे होती कधीतरी, पार्टीत नटून जाण्यापेक्षा कितीतरी जास्त.

पण मग प्रश्न उभे राहिले. गावात तयार होता येत नाही, तालुक्यात चालत नाही, मग कपडे बदलायचे कुठं. आधार कार्डावर फोटो पुरुषाचा, नाव पुरुषाचं. आवाज खर्जातला. आणि एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, ते कंडक्टर चेहरा बघूनच काढतो, त्यावर काय करायचं. वरवर छोटी वाटणारी ही तिकिटाची गोष्ट तिला सगळ्यात जास्त टोचत होती. "मी वेश केलाय म्हणून सरकारचे पैसे बुडवणार का, ते काय मला बरोबर वाटत नाही" असं ती तीनतीनदा म्हणाली.

कायद्याचं थोडं आम्ही बोलून घेतलं. साडी किंवा ड्रेस घालणं हा काही गुन्हा नाही, कुणी कुठलेही कपडे घालावेत. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं कपडे, बोलणं, वागणं यातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग धरलाय. २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला, त्याच्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळायची सोय केली, अर्ज ऑनलाइन पोर्टलवर. माझ्याकडे ते आहे. मीराला ते नको होतं, कारण तिला कागदावर काही बदलायचंच नव्हतं. म्हणजे तिच्या बाजूनं कायदा होता पण हातात दाखवायला कागद नव्हता, आणि वेळ येते तेव्हा समोरचा माणूस कागदच मागतो.

कोणकोणते पर्याय बघितले

पहिला, माझ्या घरी येऊन तयार होणं. सगळ्यात सुरक्षित, पण तिला हवं ते यातून मिळत नव्हतं.

दुसरा रेल्वे. तिकिटाच्या फॉर्मवर स्त्री पुरुषासोबत तृतीयपंथीयांचा वेगळा पर्याय २०१६ पासून आहे. पण साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, शहरापासून लांब, पहाटे रिक्षा मिळवायची आणि एकटीनं तिथं थांबायचं, शिवाय कुठला पर्याय निवडायचा हा प्रश्न होताच. (मुंबईच्या मुली विचारतात म्हणून इथंच सांगते, लेडीज डब्यात पुरुष चढला तर रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि खाली उतरवू शकतात. कागदावर पुरुष असाल तर जनरल डबाच बरा, गर्दी टाळून.)

तिसरा, भाड्याची गाडी. पैसे परवडले असते एकवेळ, पण बंद गाडीत अडीच तीन तास एकटा ड्रायव्हर, तो बोलायला लागला की आवाज आला. बसमध्ये चाळीस माणसं असतात म्हणून भीती वाटते, पण खरं सांगायचं तर चाळीस माणसांत तुमच्याकडे कुणी बघत नाही, सगळे मोबाईलमध्ये नाहीतर झोपलेले. एकटा माणूस बघतो.

चौथा, तिची स्वतःची बाईक. हेल्मेटखाली विग आणि खंबाटकी घाट, तो विषय तिथंच संपला.

शेवटी ठरलं असं. बुधवारी संध्याकाळी पुरुष म्हणून साताऱ्यात यायचं, स्टँडजवळ लॉजवर रूम घ्यायची, पहाटे तयार होऊन सहाची स्वारगेट विनाथांबा पकडायची. विनाथांबा मुद्दाम, कारण मध्ये कुठं उतरणं नाही, टॉयलेटचा प्रश्न नाही, चढणाऱ्या उतरणाऱ्यांची नजर नाही. स्वारगेटला मी उभी राहणार. तिकिटासाठी तिनं मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, "एक फुल, स्वारगेट". म्हणजे बोलायलाही नको आणि अर्धं तिकीटही नको.

तयारी

यात तिनं तीन महिने घातले आणि मन लावून घातले. दाढीची निळसर सावली फाउंडेशननं झाकत नाही, उलट राखाडी दिसते, म्हणून हनुवटीवर आणि ओठांच्या वर आधी केशरी लिपस्टिक बोटानं थोपटून पातळ करायची आणि मग त्यावर फाउंडेशन, हे ती रविवारी बाथरूममध्ये करून करून शिकली. पायाचं माप नऊ, लेडीज चपला आठच्या पुढं मिळायची मारामार, तर सरळ कोल्हापुरी घातली, ती बाईच्याही पायात दिसते आणि पुरुषाच्याही. मी साडीला नको म्हटलं. एसटीच्या पायऱ्या, हातात पिशवी, पहिलाच दिवस. साधा कॉटनचा पंजाबी ड्रेस, वर मरून स्वेटर, ओढणी. डिसेंबर निवडला तो यासाठीच, घाम नाही, मेकअप टिकतो आणि स्वेटरमुळं खांदे झाकतात. त्या गाडीला नोकरीवर जाणाऱ्या तिच्या वयाच्या बायका जशा दिसतात तसंच दिसायचं, जरासुद्धा जास्त नाही.

आणि एवढं सगळं करताना आमच्या दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. लॉजच्या दारातून बाहेर कसं पडायचं.

तो दिवस: लॉज

पहाटे साडेपाचला ती खाली उतरली. काउंटरवर कुणी झोपेत असेल म्हणून तिनं ओढणीवरून स्कार्फ तोंडाला गुंडाळला होता, पुण्यातल्या मुली गाडीवर बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. आता दुपारी बारा वाजता स्कूटीवर तो स्कार्फ कुणाला खटकत नाही. पण पहाटे साडेपाचला लॉजमधून तोंड झाकून निघणारी एकटी बाई, हे बघून मॅनेजरला जे वाटायचं तेच वाटलं.

"ओ बाई, थांबा. कुठल्या रूममधून?"

तिनं किल्ली पुढं केली.

"ही रूम एका जेन्ट्सच्या नावावर आहे, सिंगल दिलीय. तुम्ही आत कधी आलात?"

पहिला खरा निर्णय इथं होता आणि तो घ्यायला तिच्याकडे पाच सेकंद होते. पळायचं, रडायचं, की बोलायचं. तिनं स्कार्फ सोडला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मीच आहे तो. आधारची झेरॉक्स तुमच्याकडे आहे, बघा."

तो माणूस बघतच राहिला म्हणे. मग त्यानं मालकाला फोन लावला, मग असले धंदे इथं चालत नाहीत, पोलिसांना कळवावं लागेल वगैरे सुरू झालं, आणि शेवटी गाडी ५०० रुपयांवर येऊन थांबली. तिनं दिले. पावती नाही काही नाही. या सगळ्यात सहाची बस गेली.

रूम एकाची होती आणि राहिलं एकच माणूस, म्हणजे तिनं काडीचंही चुकीचं केलेलं नव्हतं. "लावा फोन पोलिसांना" असं ठणकावून सांगायचा तिला पूर्ण हक्क होता. पण पहाटेच्या अंधारात, एकटी, घरी बायकोला दिलेला शब्द, आणि पोलीस आले तर गाडी तालुक्यापर्यंत जाणार ही भीती. मी तिथं असते तर भांडले असते, ती नव्हती भांडू शकत. पैसे दिले म्हणून मी तिला एका शब्दानंही बोलले नाही.

रस्त्यावर येऊन तिनं मला फोन केला, आवाज कापत होता. मी म्हटलं, दोन गोष्टी आहेत, स्टँडवर वेटिंगला बस आणि पुढची पकड, नाहीतर तोंड धू, घरी जा, आपण परत ठरवू. दोन्हीत तुझं काही कमी होत नाही. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, वाईट होतं ते होऊन गेलं ना आता. येते."

एसटी

पावणेसातची मिळाली. तिसऱ्या रांगेत खिडकी, आणि शेजारी एक आजी, मांडीवर वायरची पिशवी. आजी बसल्या बसल्या म्हणाल्या, "जरा सरक गं." मीरानं मला हे नंतर किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशोब नाही.

कंडक्टर आला. तिनं मोबाईल पुढं केला. त्यानं वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि मशीनवर बोटं चालवत मोठ्यानं म्हणाला, "ताई, महिलांना हाफ आहे, फुल कशाला?" तिनं परत स्क्रीन दाखवली. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळल्या. आजी म्हणाल्या, "घे की गं, सरकार देतंय तर. बोलता येत नाही वाटतं बिचारीला."

इथं दुसरा निर्णय. अजून एकदा फुल मागितलं असतं तर अख्ख्या गाडीला कारण सांगावं लागलं असतं. तिनं मान हलवली आणि अर्धं तिकीट घेतलं.

यावर आमच्यात नंतर बरीच चर्चा झाली. माझं मत असं की ज्या बाया बाई म्हणून जगतात त्यांनी ते तिकीट ताठ मानेनं घ्यावं, नालसा निकालात स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिलाय आणि कंडक्टरला बाई दिसली म्हणून त्यानं दिलं. मीराचं म्हणणं वेगळं, मी उद्या परत पुरुष म्हणून ऑफिसला जाणार आहे, मग ही सवलत माझी कशी. मला तिचं पटतं, तिच्यापुरतं. दुसऱ्या कुणी मुलीनं याच्यावरून स्वतःला अपराधी समजावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. आणि गोम अशी आहे की प्रामाणिकपणे फुल मागायला गेलं तर तिथंच ओळख उघडी पडते.

पुढचा प्रवास छान झाला. खंबाटकीत आजी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. ती हलली नाही, हात बधीर झाला तरी.

पुण्यात

स्वारगेटला उतरली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. मला आधी वाटलं लॉजचा धक्का. लक्ष्मी रोडला पोचेपर्यंत तिला चक्कर आली. विचारलं तर आदल्या रात्री आठपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, टॉयलेटला जावं लागू नये म्हणून. मला इतका राग आला, तिचा नाही, या सगळ्याचाच. आमच्यातल्या कितीजणी हेच करतात, दिवसदिवस तहान मारतात, मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत तृतीयपंथी लोकांना स्त्री किंवा पुरुष, जे हवं ते सार्वजनिक टॉयलेट वापरू द्यावं असं स्पष्ट आलं, पण स्टँडवरच्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही एका अमृततुल्यात बसलो, तांब्याभर पाणी, चहा, क्रीमरोल. मग ओळखीच्या हॉटेलात जिथं एकच कॉमन टॉयलेट आहे तिथं नेलं. पुण्यात अशा पाचसहा जागा मला पाठ आहेत. नव्या मुलीला मी मेकअपच्या आधी त्या शिकवते, मीराला तेवढं सांगायचं राहिलं, ही चूक माझी.

तुळशीबागेत तिला काचेच्या बांगड्या भरायच्या होत्या. कासारानं हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितला, परत दाबला, आणि वर तिच्या तोंडाकडे एक क्षण बघितलं. त्याला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं. आणि तो फक्त एवढंच म्हणाला, "हाड मोठं आहे ताई, दोन आठ जाणार नाही, दोन दहा काढतो. हात सैल सोडा, जोर लावू नका, जोर मला लावू द्या." एकेक करत हिरव्या बारा बांगड्या त्यानं चढवल्या, शेवटच्या दोन साबणाच्या पाण्यानं.

याच शहरात बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे, १९६८ चं. ते स्टेजवर जसं नेसायचे, जे दागिने घालायचे त्याची नक्कल घरंदाज बायका करायच्या असं आमची आजी सांगायची. रंगमंचावर चाललेलं दारातून बाहेर पडलं की का चालत नाही, हे मला कळत नाही, खरंच कळत नाही.

परत जाताना

संध्याकाळी तिसरा निर्णय. मीरा म्हणाली, अशीच परत जाते साताऱ्यापर्यंत. मन तिचं भरलेलं नव्हतं. पण रात्री नऊला साताऱ्यात उतरून कपडे बदलायचे कुठं, परत लॉज? आणि पुढची गाडी तालुक्याची, तिथं बायकोची पहिली अट. अर्धा तास विचार करून तिनंच ठरवलं, इथंच बदलते.

माझ्या बाथरूममध्ये बांगड्या निघेनात. दिवसभरानं हात सुजलेला. तेल लावलं, साबण लावला, दहा निघाल्या, दोन वाढवाव्या लागल्या आणि मनगटावर चांगला दीड इंचाचा ओरखडा आला. काजळ खोबरेल तेलानं पुसलं. सात वाजता तो माणूस फुल तिकीट काढून साताऱ्याच्या गाडीत बसला.

वेगळं काय करता आलं असतं

लॉज हीच मोठी चूक आणि ती टाळता आली असती. एकतर रात्रीच पैसे देऊन हिशोब मिटवायचा, पहाटे लवकर निघणार म्हणून सांगायचं आणि किल्ली रूममध्ये ठेवून जायचं ठरवून घ्यायचं. नाहीतर खाली पुरुष म्हणूनच उतरायचं, स्वेटर, ट्रॅकपँट, मेकअप मास्कखाली, आणि उरलेलं दुसरीकडे. त्याहून चांगलं म्हणजे साताऱ्यात ओळखीचं एक घर शोधायचं. आता आमच्याकडे आहे तसं एक, पण ते या प्रकरणानंतर मिळालं. स्कार्फ नको होता. उघड्या तोंडानं, किल्ली ठेवून, सरळ चालत गेली असती तर मॅनेजरनं बहुतेक डोकंही वर केलं नसतं.

तिकिटाचं आधीच बुकिंग केलं असतं तर? बघितलं होतं, पण तिथं स्त्री की पुरुष भरावं लागतं आणि ओळखपत्र सोबत लागतं, पुरुष भरून बाई चढली की नवा घोळ. म्हणून यावर माझ्याकडे अजूनही पक्कं उत्तर नाही.

पाण्याचं वर लिहिलंच. आणि आवाजाचं, मोबाईलवर लिहून दाखवणं ही युक्ती चालली खरी पण त्यानं ती मुकी ठरली आणि उलट जास्त नजरेत आली. दोन शब्द हळू, घसा बसल्यासारखे बोलली असती तरी भागलं असतं. डिसेंबरात निम्म्या गाडीचा घसा बसलेला असतो.

पुढं काय झालं

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्याच्या ५०० रुपयांसकट तिनं बायकोला सगळं सांगितलं, कारण तिसरी अट. बायको लॉजचं ऐकून घाबरली आणि दोन दिवस नीट बोलली नाही. मग एकदा जेवण वाढताना तिची नजर मनगटावरच्या ओरखड्यावर गेली, हे कशानं झालं विचारलं, आणि मीरानं बांगड्यांचं सांगितलं. ती थोडा वेळ भाकरी थापत राहिली, आणि मग म्हणाली, "काचेच्या कशाला भरल्या? पेचाची कडी मिळतात, उघडणारी. माझ्याकडे आहे जुना जोड, तो ने पुढच्या वेळी."